वन्संचं घड्याळ

१ फेब्रुवारी, रविवार

“मी काय कपाट आहे? हिच्या घरातून उचललं, तिच्या घरात ठेवलं!” – अण्णा आज असे कडाडले की ह्यांच्या हातातला चहा बशीत सांडला.

सुरुवात वन्संनी केली. मी नेहमी असंच म्हणते, पण आज खरंच त्यांनी केली! जिना चढून धापा टाकत आल्या, खुर्चीत बसल्या आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, “अण्णांना मी घेऊन जाते. माझं घर तळमजल्यावर आहे, मी आता निवृत्त आहे, दिवसभर घरात असते. इथं या जिन्यांनी त्यांच्या गुडघ्यांची वाट लावलीय. ते शेवटचे खाली कधी उतरले, ठाऊक आहे तुला?”

मला! मला विचारतात! गुडघ्यांना तेल कोण चोळतं रोज?

मग माझाही तोल सुटला. म्हटलं, “सासूबाई गेल्यापासून सासऱ्यांचं सगळं मी बघतेय, तेव्हा कुठं होती ही माया?” बोलून गेले खरी. वन्संचा चेहरा एवढासा झाला. हे मध्ये “अगं, अगं” करत होते. एकीकडे सख्खी थोरली बहीण, दुसरीकडे बायको – ह्यांचा अर्धा जन्म “अगं, अगं” करण्यातच गेलाय.

तेवढ्यात अण्णांचं ते कपाट. आणि मग अण्णांनी डोळे बारीक केले. हे डोळे मी ओळखते, समोरच्याचा घोडा मारायच्या आधी असेच होतात. म्हणाले, “चौदा तारखेला तुमच्या बुद्धिबळ क्लबांचा सामना आहे ना? दरवर्षीसारख्या दोघी पाचव्या पटावर समोरासमोर बसणार ना? मग झालं तर. जी जिंकेल तिच्याकडे मी. विषय संपला.”

ह्यांना भलत्या वेळी शंका येतात. “आणि बरोबरी झाली तर?”

“तर वृद्धाश्रमात जातो!”

कुणीच हसलं नाही. वन्सं म्हणाल्या, “चालेल.” मी म्हटलं, “मलाही चालेल.”

मेले मी!

२ फेब्रुवारी, सोमवार

दुकानात एक काच फोडली. चष्म्याच्या काचा घासून बसवण्यात निम्मं आयुष्य गेलं, पण आज हातच जाग्यावर नव्हता. मालक म्हणाले, “बाई, बरं नाही का?” म्हटलं, “उत्तम आहे.”

उत्तम कसलं! वन्संना मी एकदाही हरवलेलं नाही.

बुद्धिबळ आम्हा दोघींना अण्णांनीच शिकवलं. ते सिनेमाच्या थिएटरात प्रोजेक्टर चालवायचे. एक डोळा पडद्यावर, रीळ संपतंय का बघायला, आणि एक डोळा पटावर. वन्सं लहानपणी त्या केबिनमध्ये बसून शिकल्या. मी लग्न करून आल्यावर शिकले, भांडी घासून झाली की. म्हणजे शाळा एकच. पण स्वभाव! वन्संनी जन्मभर वर्तमानपत्राची प्रुफं तपासली. एकेक शब्द तीनदा वाचायची सवय. पटावरही तेच. तिसऱ्या चालीलाच कपाळ हातात धरून बसतात, आणि डाव ऐन रंगात येतो तेव्हा त्यांच्या घड्याळात काही उरलेलंच नसतं. दरवर्षी!

दुसरं कुणी असतं तर अशा बाईला सहज पाणी पाजलं असतं. मी मात्र – त्यांची वेळ संपत आली की मीच पळायला लागते. माझ्याकडे ढीगभर वेळ असतो, तरी हात शिवशिवतात. वाटतं, धडाधड खेळू, त्यांना विचारच करू द्यायचा नाही. आणि मग मीच काहीतरी फुकट देऊन बसते. गेल्या वर्षी वजीर दिला. वजीर! त्यांच्याकडे जेमतेम दोन मिनिटं होती, आणि माझ्याकडे चहा पिऊन यायला वेळ होता.

मग ही पैज मोडून का टाकत नाहीस बाई? – कारण आहे. इथे लिहायला हरकत नाही. पैज मोडली तर अण्णांना तोंडानं सांगावं लागेल, कुणाकडे राहायचंय ते. आणि ते “लेकीकडे” म्हणाले तर? तळमजला आहे, पोटची मुलगी आहे. का नाही म्हणणार?

त्यापेक्षा हरलेलं परवडलं. हरण्यापेक्षा जिंकलेलं परवडलं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

क्लब. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची आमची ती खोली, रबराच्या वासाची. आमचे कॅप्टन दातांचे डॉक्टर आहेत, म्हणून आम्ही त्यांना दातवाले म्हणतो. त्यांना पैजेचं सांगितलं. सांगायचं नव्हतं, पण माझ्या पोटात काही राहत नाही.

दातवाल्यांनी कपाटातून जुनं किल्लीचं घड्याळ काढलं आणि टेबलावर ठेवलं. एकाच पेटीत दोन तबकड्या, एक माझी, एक समोरच्याची. चाल केली की आपल्या बाजूचं बटण दाबायचं – आपलं थांबतं, त्याचं सुरू होतं. ज्याचा काटा बारावर जाईल त्याचा छोटा लाल झेंडा पडतो. झेंडा पडला की डाव गेला, पटावर काहीही असो.

म्हणाले, “हे मी तुम्हाला नव्यानं सांगत नाहीये. एवढंच सांगतोय की तबकड्या दोन आहेत. त्यांची वेळ त्यांची, तुमची वेळ तुमची. त्यांना घाई आहे म्हणून तुम्ही का धावता?”

“हात ऐकत नाहीत हो!”

“मग हातांवर बसा.”

मला वाटलं थट्टा करताहेत. “खरंच सांगतोय,” म्हणाले. “मांडीखाली घाला दोन्ही हात. चाल ठरली की एक बाहेर काढा. भूल न देता दात काढायचा म्हटलं की मी पेशंटला हेच सांगतो.”

६ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णांबरोबर सराव. हातांवर बसून! त्यांना हसू आवरेना.

आधी म्हणाले, “मी कुणाच्याच बाजूचा नाही, काही शिकवणार नाही.” पण जीभ गप्प बसेल तर ना. “सूनबाई, गाडी सुटतेय का? अं? स्टेशनवर जायचंय?” मी दर वेळी हात परत खाली घालते. मुंग्या आल्या.

८ फेब्रुवारी, रविवार

आज अण्णांना चोरी करताना रंगेहाथ पकडलं. मी गॅस बंद करायला उठले, परत आले तर माझा उंट गायब. “होताच कुठं?” म्हणतात! मी पांघरूण ओढलं, त्यांनी पांघरूण धरून ठेवलं. मी म्हटलं, “अण्णा, वयाचा तरी मान ठेवा!” ते म्हणाले, “कुणाच्या? तुझ्या की माझ्या?” – आणि उंट पांघरुणातून घरंगळत खाली. हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांना ठसका लागला, पाठ चोळावी लागली.

वर बघते तर दारात वन्सं. दार उघडंच होतं. हातात फळांची पिशवी. कधीच्या उभ्या होत्या कोण जाणे.

“बसा ना,” म्हटलं.

“नको. एवढंच द्यायला आले होते.” पिशवी टेबलावर ठेवली, अण्णांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि गेल्या. एवढे जिने चढून आल्या नि पाणीही न पिता गेल्या!

मी ह्यांना म्हटलं, “तयारी बघायला आल्या होत्या माझी.” हे पिशवीतली फळं धुवायला घेऊन गेले.

११ फेब्रुवारी, बुधवार

भाजी चिरताना हे हळूच म्हणाले, “ताईला फार एकटं वाटतं गं.”

मला कळत नाही होय? पण म्हणून माझं माणूस उचलून द्यायचं?

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

अण्णा दुपारी चप्पल घालून दारापर्यंत गेले. कठड्याला धरून उभे राहिले, जिना बघितला, आणि परत येऊन बसले. मी स्वयंपाकघरातून बघत होते, त्यांना ठाऊक नाही.

वन्संचं गुडघ्यांचं म्हणणं खोटं नाही. पण उद्या मी तरीही जिंकायला जाणार.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं थांबायचं नाही.

सामना आमच्या खोलीत होता. वन्सं नेहमीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हजर. (घरून वेळेवर निघतात, वेळ जातो तो पटावर.) थर्मास, दोन पेन्सिली, रुमाल. मला बघून विचारलं, “अण्णा नाही आले?”

“जिना,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली. जिंकल्यासारखी नाही. मला तरी तशी वाटली नाही.

पांढरी मोहरी त्यांची. दातवाल्यांनी घड्याळ सुरू केलं आणि मी हात मांडीखाली घातले. तिसऱ्या चालीला वन्संनी कपाळ धरलं – झालं सुरू! आमचा चौथ्या पटाचा खेळाडू शेजारी बसून बिस्किटं खात होता, त्याचा पुडा संपला तरी वन्संची चाल येईना. पूर्वी मला अशा वेळी राग यायचा. आज मी बसून राहिले. आणि गंमत म्हणजे, बसून राहिलं की पट दिसायला लागतो! त्यांच्या उंटामागचं प्यादं सुटं होतं. ते दिसायला मला इतकी वर्षं लागली.

प्यादं घेतलं. नीट, सावकाश. हात परत मांडीखाली.

बाकीचे चार डाव संपले. दोन आमचे, दोन त्यांचे. म्हणजे सामनाही आमच्याच पटावर येऊन थांबला! सगळे भोवती गोळा झाले. वन्संच्या तबकडीवर काटा बाराच्या जवळ, लाल झेंडा उचलला जायला लागलेला. माझ्याकडे भरपूर वेळ. मागून दातवाले खाकरले, म्हणजे हात, बाई, हात! मी आणखी घट्ट बसले.

आणि मग वन्संनी घोडा उचलून माझ्या राजाच्या बाजूला ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले – आणि बटण दाबलंच नाही.

चाल केली आणि घड्याळ विसरल्या! त्यांचं घड्याळ चालूच. टिकटिक, टिकटिक. सगळ्यांनी बघितलं. पण बघणाऱ्यांनी बोलायचं नसतं, नियमच आहे. बोलू शकत होते फक्त मी.

आणि मला बोलायची सक्ती नव्हती. नुसतं बसून राहायचं होतं, तेही हातांवर. जरा वेळ गेला असता, झेंडा पडला असता, अण्णा माझे. कुणी एका शब्दानं मला नावं ठेवली नसती. मी झेंड्याकडे बघितलं. वन्संकडे बघितलं. त्या पटाकडे बघत होत्या, अगदी शांत.

मग अण्णा आठवले. घरी गेल्यावर पहिलं काय विचारतील? – “कशी जिंकलीस?” काय सांगू? त्या बटण दाबायला विसरल्या नि मी गप्प बसले, असं?

म्हटलं, “वन्सं, घड्याळ.”

मागे दातवाल्यांनी मोठ्ठा सुस्कारा सोडला.

वन्संनी वर बघितलं. काय ती नजर! आभार राहू देत, मी काही चोरून घेतल्यासारखं बघितलं माझ्याकडे! आणि बटण असं दाबलं की प्यादी हलली.

मग मात्र माझं बिनसलं. इतकं चांगुलपण दाखवावं आणि वर अशी नजर खावी! मी काय त्यांचं घोडं मारलंय? संताप आला, हात बाहेर आले, डोळ्यांपुढे एकच दिसत होतं – हत्ती थेट त्यांच्या राजाच्या ओळीत. शह! बटण दाबलं. धाडकन.

आता सगळ्यांचे डोळे लाल झेंड्यावर. पटाकडे बघायचं भान कुणालाच नव्हतं, मलाही नाही. वन्संनी नेहमीसारखं कपाळ हातात धरलं. झेंडा आडवा झाला. वन्सं विचार करताहेत. झेंडा लोंबकळतोय. वन्सं विचारच करताहेत!

टक्.

पडला!

आमच्या लोकांनी एवढा गलका केला की खालचा सायकलवाला वर बघून गेला. मी उभी राहिले. वन्संनी हात पुढे केला. म्हणाल्या, “छान खेळलीस. हातांवर बसायचं बरं सुचलं.” आणि मग, “सांभाळ त्यांना.” चहाला थांबल्या नाहीत.

मी घरचा जिना धावत चढले. या वयात! “अण्णा, जिंकले!”

अण्णांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. खूप हसले. मग म्हणाले, “तिची वेळ संपली?”

“संपली!”

“हं,” म्हणाले.

१५ फेब्रुवारी, रविवार

आनंद! दुसरा शब्द नाही. सकाळी अण्णांना चहा दिला तेव्हा कप त्यांच्या नेहमीच्या जागी ठेवताना मला भरून आलं. कुठं जात नाहीत ते. इथंच.

वन्संचा फोन नाही. आपण करावा का? आज नको. जिंकलेल्यानं लगेच फोन केला तर टेंभा मिरवल्यासारखं होतं.

हे घरभर शीळ घालत फिरतायत आणि मध्येच थांबतायत.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

अण्णांना डाव दाखवतेय. चाली लिहिलेल्या आहेतच, पण एका बैठकीत नाही, रोज थोडा थोडा – पुरवून पुरवून! आयुष्यात पहिल्यांदा दाखवण्यासारखा डाव आहे.

ते सुटं प्यादं मी घेतलं तिथं आले तेव्हा म्हणाले, “इथं हातांवर बसली होतीस. दिसतंय चालीत.” अशी शाबासकी आजवर मिळाली नव्हती मला. कान गरम झाले.

आज घड्याळापर्यंत आलो. वन्सं विसरल्या, मी सांगितलं, असं असं झालं.

अण्णांनी चष्मा काढला. “तू सांगितलंस?”

“सांगितलं. तुम्ही विचारलं असतंत ना, कशी जिंकलीस म्हणून.”

“मग ती काय म्हणाली?”

“काही नाही. बघितलं नुसतं. अशा रागानं!”

अण्णा बराच वेळ चष्मा पुसत बसले. काचा स्वच्छ होत्या, मीच पुसल्या होत्या सकाळी. मग म्हणाले, “उरलेलं नंतर दाखव. आज दमलो.”

१९ फेब्रुवारी, गुरुवार

शेवटची चाल मांडली. माझा हत्ती, शह.

अण्णा म्हणाले, “आता तिची चाल तू सांग.”

बघितलं. राजाला जायला एकच घर. हत्ती मारता येत नाही, मध्ये घालायला काही नाही. एकच चाल! पहिल्या दिवशी शिकलेल्या पोरालाही दिसेल. अण्णांनी राजा त्या घरात सरकवला. “आता तू खेळ.” मी बघत बसले. काहीच नव्हतं माझ्याकडे. त्यांच्या त्या घोड्यानं पुढच्याच चालीला मात होती – मला! तो शह देऊन मी डाव घालवला होता.

जिथं एकच चाल असते, तिथं माणूस कपाळ धरून विचार कसला करतो?

त्या घड्याळ विसरल्याच नव्हत्या. आणि मी, शहाणी, आठवण करून दिली!

अण्णांना पहिल्यांदा सरळ विचारलं – कुणाकडे राहायचंय? म्हणाले, “सूनबाई, मला हे कुणी विचारू नये म्हणून तर ती पैज.” मग खिडकीकडे बघत म्हणाले, “थोडं खाली चालावंसं वाटतं गं.”

त्यांची पिशवी भरली. हे आणि दातवाले दोघं मिळून त्यांना खुर्चीतून जिना उतरवणार आहेत. उन्हाळाभर तिकडे, मग इकडे, मग बघू. वन्संना फोन लावला. “रविवारी अण्णांना घेऊन येतेय. पट मांडून ठेवा. आणि तो डाव जिंकला कोण, ते मला कळलंय.”

पलीकडून कितीतरी वेळ काहीच आवाज नाही. मी घाई केली नाही. थांबले.